मत्स्यरोगाचे लक्षण आणि निदान

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने माशांच्या रोगांविषयी लिहावे, आणि तेही विभागाच्या संशोधन-पत्रिकेत, याचे काही वाचकांस नवल वाटेल. समर्थन एवढेच की, घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या माणसाला जी चूक वारंवार भोवते ती मूलतः चिन्ह आणि चिन्हित यांच्या संबंधाविषयीची चूक आहे. आणि हा संबंध तपासणे हे तर आमचे नित्याचे काम. प्रस्तुत लेखक प्राणिशास्त्रज्ञ नाही. पुढे येणारे प्राणिशास्त्रीय तपशील त्या शास्त्राच्या प्रस्थापित ज्ञानातून घेतलेले आहेत. मांडणी मात्र लेखकाची आहे.

'लक्षण' या एकाच शब्दावर आपल्याकडे दोन शास्त्रांचे काम चालते. न्यायशास्त्रात लक्षण म्हणजे व्याख्या, म्हणजेच वस्तूला इतर सर्व वस्तूंपासून वेगळे काढणारा धर्म. वैद्यकात लक्षण म्हणजे रोगाची शरीरावर दिसणारी खूण. पहिल्या प्रकारचे लक्षण अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव या तीन दोषांपासून मुक्त असावे असा नैयायिकांचा दंडक आहे. 'शिंगे असते ती गाय' असे म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. 'कपिल वर्णाची ती गाय' म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते; ही अव्याप्ती. वैद्यकीय लक्षणाला ही कसोटी सहसा कोणी लावीत नाही. माणसाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही, कारण रोगी बोलतो. 'कुठे दुखते' या प्रश्नाला उत्तर देतो. मासा बोलत नाही. त्याच्या बाबतीत खूण हीच सारी भाषा असते, आणि ती भाषा अनेकार्थी आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी दोन गोल्डफिश होते. थंडी सरता सरता त्यांतील एकाच्या कल्ल्यांवरील झाकणावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. दुकानदाराला वर्णन सांगितले; त्याने क्षणाचाही विलंब न लावता 'व्हाइट स्पॉट' असे नाव उच्चारले आणि एक निळे औषध दिले. औषध मिथिलीन ब्ल्यूचे होते. ते आम्ही टाकीत आठवडाभर नियमाने घातले. ठिपके जागचे हलले नाहीत. पाण्याला मात्र एक उग्र वास येऊ लागला, दुसरा मासा, ज्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागला आणि नवव्या दिवशी मेला. प्राणिशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांना पाण्याचा नमुना नेऊन दाखविला तेव्हा त्यात अमोनिया बेसुमार निघाला. गाळणीच्या स्पंजात वाढणारे जे जीवाणू माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये करतात, त्यांनाही मिथिलीन ब्ल्यू मारते. रोग्याला पाजलेल्या औषधाने विहीरच नासावी तसा हा प्रकार झाला. आणि ठिपके? नर गोल्डफिश विणीच्या काळात आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काठावर असे कठीण, पांढरे दाणे उगवतात. तो रोग नव्हे. ते त्याच्या यौवनाचे चिन्ह होय. दाणे त्या दोनच जागी होते आणि ओळीने होते, एवढे जरी आम्ही पाहिले असते तरी दुसरा मासा वाचला असता.

'पांढरे ठिपके' या लक्षणाची अतिव्याप्ती एवढ्यावर थांबत नाही. लिम्फोसिस्टिस हा विषाणुजन्य विकार परांच्या कडांवर पांढरट, फुलकोबीसारख्या गाठी आणतो. त्यावर औषध नाही. बहुधा तो आपोआप ओसरतो. एपिस्टायलिस नावाचे देठधारी सूक्ष्म जीव घाणेरड्या पाण्यात माशांच्या अंगावर वसाहत करतात, आणि त्यांचे पुंजके नवख्या डोळ्याला ठिपक्यांसारखेच भासतात. उलट बाजूस अव्याप्तीही आहे. खरा ठिपक्यांचा रोग कित्येकदा प्रथम कल्ल्यांत शिरतो. अशा वेळी अंगावर एकही ठिपका नसतो. मासा धापा टाकतो, आणि मालक प्राणवायूचा पंप वाढवीत बसतो.

हा खरा रोग ज्या एकपेशीय जीवामुळे होतो त्याचे शास्त्रीय नाव 'इक्थिऑफ्थिरिअस मल्टिफिलीस' असे असून ते फूके या फ्रेंच संशोधकाने १८७६ मध्ये दिले. ग्रीक 'इक्थिस' म्हणजे मासा आणि 'फ्थैर' म्हणजे ऊ. लॅटिन 'मल्टिफिलीस' म्हणजे बहुप्रसव. माशाची बहुप्रसव ऊ, असा एकूण अर्थ. नाव देणाऱ्याने दुसऱ्या पदात मर्म नेमके पकडले. पहिले पद मात्र घोटाळ्याचे आहे, कारण माशाची ऊ म्हणून जगभर ओळखला जाणारा प्राणी वेगळाच असून तो साध्या डोळ्यांना दिसतो. इंग्रजी बोलणाऱ्या हौशी लोकांनी या लांबलचक नावाचे डोके तेवढे ठेवून रोगाला 'इक' म्हणावयास आरंभ केला. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता माशाला 'मासा' झाला आहे, असे ते म्हणत असतात!

या जीवाचे चरित्र तपशिलाने सांगणे भाग आहे, कारण उपचाराचे सारे यश त्यावर अवलंबून आहे. आपल्याला जो ठिपका दिसतो तो माशाच्या बाह्यत्वचेखाली शिरून तिच्या पेशी खात वाढलेला एक जीव असतो. पूर्ण वाढलेला जीव सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर भरतो. वाढ पुरी झाली की तो त्वचा फोडून बाहेर पडतो, तळाच्या वाळूला, काचेला किंवा वनस्पतीला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो. त्या आवरणात त्याचे विभाजनावर विभाजन होते आणि एकापासून शेकड्यांनी, प्रसंगी हजाराहून अधिक, पिले निर्माण होतात. ही पिले पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत तो न मिळाला तर बहुतेक मरतात. २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमानाला हे चक्र चार-पाच दिवसांत किंवा आठवड्याच्या आत पुरे होते. थंड देशांतील पाण्यात, तापमान ७ अंशांखाली गेले तर, त्याला पाच आठवड्यांहूनही अधिक काळ लागतो.

या तीन अवस्थांपैकी पहिलीत जीवाला माशाची त्वचा झाकते आणि दुसरीत त्याचे स्वतःचे आवरण. पाण्यात घातलेले औषध त्याला गाठते ते केवळ तिसऱ्या, पोहत्या अवस्थेत. म्हणजे ज्या ठिपक्याकडे पाहून आपण औषध घालतो त्या ठिपक्यावर ते औषध चालतच नाही. आपण दिसणाऱ्या शत्रूवर नेम धरतो, आणि लागला तर घाव बसतो तो न दिसणाऱ्यावर.

येथे जुन्या वैद्यकाची एक परिभाषा फार उपयोगी पडते. 'निदान' या शब्दाचा मराठीतील आजचा अर्थ रोगनिर्णय असा आहे. मूळ संस्कृत अर्थ कारण. माधवकराच्या 'रोगविनिश्चय' या ग्रंथात, जो 'माधवनिदान' या नावानेच प्रसिद्ध आहे, रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांतील उपशय म्हणजे औषध, आहार अथवा विहार देऊन पाहणे आणि आराम पडला तर त्यावरून रोग ओळखणे. संप्राप्ती म्हणजे रोग शरीरात कसा उद्भवतो आणि कसा पसरतो याचा क्रम. हौशी मत्स्यपालक रूप पाहतो आणि उपशयावर विसंबतो: ठिपके दिसले, औषध घातले, ठिपके गेले, अर्थात औषध लागू पडले. परंतु या रोगात ठिपके तिसऱ्या-चौथ्या दिवशी औषधाशिवायही जातात, कारण वाढलेला जीव स्वतःहूनच गळून पडतो. मासा अगदी स्वच्छ दिसतो त्या दिवशी टाकीच्या तळाशी त्याची प्रजा शेकड्यांनी तयार होत असते. लक्षण नाहीसे होण्याची घटका आणि रोग बळावण्याची घटका एकच. इतके फसवे चिन्ह दुसरे क्वचितच सापडेल.

हे ज्ञान आम्हांस विकत मिळाले. पहिल्या प्रसंगानंतर वर्षभराने चार काळ्या मोली आणल्या. काळ्या अंगावर पांढरे ठिपके उठून दिसले, या वेळी मात्र ते खरे होते. औषध घातले, चौथ्या दिवशी मुलगी आनंदाने सांगत आली, 'बाबा, सगळ्या बऱ्या झाल्या.' औषधाच्या बाटलीवरही ठिपके जाईपर्यंतच घालावे असे छापले होते. आम्ही थांबलो. पुढच्या आठवड्यात मोलींच्या अंगावर जणू कणी पसरावी तसे ठिपके उठले आणि चारांपैकी तीन गेल्या. उरलेल्या चौथीवर पुन्हा आरंभापासून उपचार केला तो सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून, सूक्ष्मदर्शक पाहून. तिच्या बाजूवरील श्लेष्मा काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडून पाण्याच्या थेंबात ठेवला होता. शंभरपट विवर्धनात एक गोल, सावकाश स्वतःभोवती फिरणारा जीव दिसला आणि त्याच्या आत घोड्याच्या नालाच्या आकाराचे केंद्रक. हे नालाकार केंद्रक हेच या रोगाचे खरे लक्षण होय. नालाकार केंद्रक एकटे पाहिले तर नैयायिकाच्या कसोटीला ते पुरते उतरत नाही, कारण काही इतर परोपजीवींतही ते आढळते; गोल, सावकाश फिरणाऱ्या जीवासह पाहिले तर मात्र ओळख पटते.

उपचाराविषयी आता नेमके सांगता येईल. उष्णता हे एक साधन आहे. तापमान दिवसाला एक-दोन अंश या गतीने ३० अंशांपर्यंत नेले तर चक्र झपाट्याने फिरते आणि जीवाच्या प्रजोत्पादनात व्यत्यय येतो. परंतु काही वाण याहून अधिक उष्णता सोसणारे आढळलेले आहेत, आणि ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवू नये. दुसरे साधन जाडे मीठ. लिटरला १ ते ३ ग्रॅम. मोली ते सहज सोसते. निऑन टेट्रासारखे मृदू पाण्यातील मासे आणि पाणवनस्पती सोसत नाहीत. मीठ एकदम न टाकता दीड-दोन दिवसांत तीन हप्त्यांनी, विरघळवून घालावे. बाष्पीभवनाने पाणी घटले तर नुसते पाणी भरावे, कारण मीठ उडून जात नाही. पाणी काढून बदलले तरच त्या प्रमाणात मीठ पुन्हा घालावे. तिसरे साधन मॅलॅकाइट ग्रीन, एकटे किंवा फॉर्मॅलिनसह. ते प्रभावी आहे, पण निर्धोक नाही. मॅलॅकाइट ग्रीन कर्कजनक असल्याचा संशय असल्याने खाण्याच्या माशांसाठी ते वर्ज्य मानले जाते. घरीही हातमोजे घालावे आणि मुलांना दूर ठेवावे. फॉर्मॅलिनचा नेहमीचा प्रयोग लिटरला २५ मिलिग्रॅम असा आहे, आणि दर ५ मिलिग्रॅमांमागे ते पाण्यातील सुमारे १ मिलिग्रॅम प्राणवायू कालांतराने खाऊन टाकते. २५ अंशांना पाण्यात मुळात मावतो तोच प्राणवायू लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम! पंप अखंड चालू नसेल तर रोगाआधी उपचारच मारील. बाटलीत पांढरा साका बसलेले फॉर्मॅलिन तर मुळीच वापरू नये. तो साका माशांना अत्यंत विषारी असतो. कोणतेही औषध असो, गाळणीतील कोळसा आधी काढावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार निदान आठवडाभर चालू ठेवावा.

औषधाची मात्रा काढताना पाण्याचे माप चुकते ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीचे घनफळ ५६ लिटरांच्या थोडे वर येते. वाळू, दगड आणि वर सोडलेली दोन-तीन बोटे जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरांच्या आसपास उरते. ५६ धरून घातलेली मात्रा एक-चतुर्थांशाने जड होते. मॅलॅकाइट ग्रीन आणि मोरचूद यांच्या बाबतीत उपकारक व मारक मात्रांतील अंतर अरुंद असते. तेथे एवढी चूक परवडत नाही.

इतर परोपजीवींविषयी थोडक्यात. अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसणे हा पिसिनोऊडिनिअमचा रोग. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत तिरका टाकला तरच ती धूळ नीट दिसते. या जीवात हरितद्रव्य असते, म्हणून उपचारकाळात टाकी अंधारी ठेवण्याचा परिपाठ आहे. आर्ग्युलस ही माशाची 'खरी' ऊ चपटी, काही मिलिमीटर रुंद व पारदर्शक असते. ती आणि नांगरकृमी म्हणविला जाणारा लर्निया ही दोन्ही साध्या डोळ्यांना दिसतात. दुसऱ्याचे नाव पुन्हा फसवे. तो कृमी नसून खेकडा-कोळंबीच्या कुळातला आहे आणि म्हणूनच त्याच्यावर कृमिनाशकाऐवजी कवच बनू न देणारे डायफ्लुबेन्झुरॉन चालते. गप्पीच्या गुदद्वारातून लाल दोरे डोकावत असले तर ते कॅमॅलेनस हे सूत्रकृमी, त्यांवर लेव्हॅमिसोल. आतड्यातील कशाभिकायुक्त जीवांसाठी मेट्रोनिडॅझोल अन्नातून देतात, पण ते पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

पर्णकृमींविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे, कारण एकाच बाह्य लक्षणामागे दोन भिन्न संप्राप्ती असण्याचे ते उत्तम उदाहरण आहे. मासा दगडाला अंग घासतो, पर मिटून घेतो, श्लेष्मा वाढतो. गायरोडॅक्टायलस आणि डॅक्टायलोगायरस ही दोन्ही पर्णकृमींची कुळे हे करतात. नावेही एकाच धातूंची उलटापालट. पहिला बहुधा त्वचेवर राहतो आणि पिलांना जन्म देतो; पोटातील पिलाच्या पोटात पुढचे पिलू असते. दुसरा बहुधा कल्ल्यांत राहतो आणि अंडी घालतो. प्राझिक्वांटेल दोघांनाही मारते, अंड्यांना मारीत नाही. त्यामुळे पहिल्यासाठी एक मात्रा पुष्कळदा पुरते. दुसऱ्यासाठी अंडी फुटण्याची वाट पाहून आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा द्यावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली ओळख सोपी आहे. चार काळे नेत्रबिंदू दिसले तर डॅक्टायलोगायरस; नेत्रबिंदू नाहीत आणि पोटात पिलाचे आकडे दिसतात तर गायरोडॅक्टायलस.

आणि अंग घासणे हे लक्षण तरी परोपजीवींचेच कशावरून? नळाच्या पाण्यातील क्लोरीन, साठलेला अमोनिया, एकाएकी बदललेला सामू, यांनीही मासा तसाच घासतो. म्हणून पहिली तपासणी पाण्याची. अमोनिया व नायट्राइट मोजण्याचे द्रावसंच दुकानांत मिळतात. दोन्हींचे माप शून्य असावयास हवे. ते शून्य नसेल तर प्रथम तृतीयांश पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरीनमुक्त करूनच घालावे, आणि एक दिवस वाट पाहावी. मराठीने 'निदान' या नामाचे 'किमान' या अर्थाचे अव्ययही केले आहे. निदान पाणी तरी तपासावे!

पाणी शुद्ध असून लक्षण टिकले तर सूक्ष्मदर्शक. ज्यांना तो उपलब्ध आहे, आणि विद्यापीठाच्या आवारात तो पलीकडच्याच इमारतीत असतो, त्यांनी अनुमानावर औषध घालण्याचे काहीच कारण नाही. नमुना जिवंत माशाचा व ताजाच हवा. मासा मेल्यावर बरेच परोपजीवी थोड्याच वेळात त्याला सोडून जातात, आणि मग काचपट्टीवर काही न दिसल्याने 'परोपजीवी नव्हते' असा उलटा निष्कर्ष निघतो.

नवा मासा आणल्यावर त्याला वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवावे. आमच्या हवेत ठिपक्यांच्या रोगाची चार-पाच चक्रे एवढ्या काळात पुरी होतात, त्यामुळे तो असला तर दिसल्यावाचून राहत नाही. पर्णकृमींची अंडीही फुटून घेतात. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. त्या टाकीची जाळी, बादली आणि नळी निराळी असावी, कारण पोहती पिले ओल्या जाळीवरील थेंबातूनही जातात. ती पुरी वाळविली की मरतात. आमच्या घरी ही दुसरी टाकी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. उरलेली मोली तीत दीड महिना राहून मोठ्या टाकीत परत गेली. अशा रोगातून उठलेल्या माशाला काही काळ रोगप्रतिकारशक्ती लाभते, असे दिसून आलेले आहे. तिच्या अंगावर ठिपका पुन्हा दिसलेला नाही. नर गोल्डफिशच्या झाकणांवर मात्र थंडी सरली की दाणे दर वर्षी येतात.